ह्यांच्या हृदयाचा फोटो

आमचे हे जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत एक्स-रे विभागात होते. गोळ्याच्या पोलादात केसाएवढी चीर असली तरी ह्यांना फिल्मवर दिसायची. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. आतला फोटो पाहिल्याशिवाय ह्यांचा टरबुजावरही विश्वास बसत नाही.

कमानिया गेटजवळची खव्याची जलेबी मनसोक्त खाऊन ह्यांच्या छातीत जळजळ झाली, तेव्हा घरात आणीबाणी लागली. डॉक्टरांनी तपासून, ईसीजी काढून ॲसिडिटी सांगितली. पण आपल्याला जलेबीनं लोळवावं, हे ह्यांना फार कमीपणाचं वाटलं.

"आतलं न पाहता पास काहून करून राहिले हे लोक?" म्हणत ह्यांनी हट्टानं हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन करवून घेतला.

रिपोर्ट दाखवायला गेलो, तर दवाखान्याची लिफ्ट बंद. हृदयरोगी तरातरा वर गेले. मागून मी, फाइल, पाण्याची बाटली आणि ह्यांचा स्वेटर सांभाळत, प्रत्येक वळणावर थांबत. हल्ली जिना चढताना माझा जबडा दुखायचा. दात दाखवायचे होते, पण आमच्या घरात एका वेळी एकच पेशंट असतो, आणि ती जागा भरलेली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. धमन्या स्वच्छ. ह्यांचा चेहरा थोडा पडलाच. तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळले. मला अजून धाप लागलेलीच होती.

"माताजी, आप कब से ऐसे हाँफ रही हैं?"

"डॉक्टर साब, पेशंट मैं हूँ," हे म्हणाले. "इनका तो ऐसा ही चलता है."

डॉक्टर मलाच विचारत राहिले. जबडा चालताना दुखतो का, बसलं की थांबतो का. ह्यांच्या स्कॅननं फक्त ह्यांची शंका फिटली, म्हणाले, खरी गरज माताजींना आहे.

माझा स्कॅन झाला. हृदयाची पुढची मोठी धमनी एका जागी जवळजवळ बंद निघाली. लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं.

ह्यांनी माझी फिल्म खिडकीशी धरली आणि पाहत राहिले. मी फार घाबरले होते, आणि रागही आला होता. ह्या जबड्याबद्दल मी कितीदा बोलले होते. म्हणून टोमणा मारला, "अहो, फॅक्टरीत असा गोळा निघाला तर काय करायचे? रिजेक्टच ना?"

ह्यांनी फिल्म खाली ठेवली. डोळे भरले होते.

"गोळा दुसरा मिळत होता," हे म्हणाले.