लगेचबाई

"आत्या, आयुष्यात एकदा तरी ऐटीत राहा," म्हणत भाच्याने मला दोन दिवसांसाठी एका बुटीक हॉटेलात धाडलं. बुटीक म्हणजे काय, तर खोल्या सात, माझ्या एका पलंगावर उशा नऊ, आणि अख्ख्या हॉटेलात माणूस एक. बाई पन्नाशीची. काहीही मागा, उत्तर ठरलेलं, "लगेच, मॅडम!" म्हणून मी तिला लगेचबाई म्हणू लागले. सकाळी मागितलेला टॉवेल दुपारी आला, तोही ओला. मी फाडफाड बोलले.

"पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, असा मालकांचा नियम आहे."

"आणि आणायचं कोणी?"

"मीच."

काऊंटर, चहा, चादरी, सगळं तीच. अकरा वर्षं.

दुसऱ्या दिवशी चारला दाराची आतली मूठ माझ्या हातातच आली. बाहेर पडता येईना. घंटी दाबली. या खेपेला बाई खरंच लगेच आली, खांद्याला पर्स लावून. तिची लेक पाचच्या बसने परगावी नर्सिंग शिकायला निघाली होती. बदलीची बाई आली नव्हती, तरी ही दहा मिनिटं जाऊन येणार होती. तिने बाहेरून दार उघडलं, आत आली आणि दार लावून घेतलं. खट्ट!

"अगं, हे काय केलंस?"

"सवय, मॅडम. पाहुण्यांचं दार उघडं ठेवायचं नाही, मालकांचा..."

"नियम. कळलं."

बाकी खोल्या रिकाम्या. तिचा मोबाइल काऊंटरच्या खणात, तोही नियमच. एव्हाना बदलीची बाई आली असेल म्हणून मी माझ्या मोबाइलवरून काऊंटरला फोन लावला. खाली घंटी वाजली आणि ही बया तो घ्यायला उठली! दोघी हसलो. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मालकाला लावला. "लगेच पाठवतो कुणाला तरी," म्हणाला. बाईचं शिक्षण कुठे झालं ते कळलं.

पावणेपाच झाले. लेकीचा नंबर तिला पाठ होता.

"आई, आहेस कुठे? अडकलीस? थांब, मी येते, बाहेरून उघडते."

"इथे पाय ठेवलास तर बघ! बस चुकेल."

मी वैतागले. "येऊ दे की तिला! सुटू तरी."

फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "उद्या सकाळी हजर झाली नाही तर तिची जागा जाते, मॅडम. मग मालक आहेतच टपून. महिनाभर मागे लागलेत, पोरीला काऊंटरला बसव म्हणून." मग फोनमध्ये, "डबा वरच्या कप्प्यात आहे. खा. ठेव आता."

खिडकीची काच शोभेची, न उघडणारी. पाच वाजून गेल्यावर खालून बस गेली. बाईने काचेवर तळवा टेकला.

"दिसली?"

"नाही. पण गेली."

साडेसहाला मालक स्वतः उगवला. दार उघडून पहिलं वाक्य, "काऊंटरवर कोणीच कसं नाही?"

"लगेच जाते," म्हणत ती त्याच्यामागून निघाली आणि जाताना, सवयीने, दार लावून घेतलं.

मी आत.