काकूने जीप अडवली नसती तर

माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं.

माझ्या मेंदूला आजार झाला होता. त्या आजाराला नाव आहे, टेस्ट आहे, औषध आहे.

हे आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण काल काकूच्या दहाव्याला एक बाई माझ्याकडे बघत शेजारणीला म्हणाली, "हेच का ते पोरगी, भानामतीवाली?"

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. बाजारहत्नूर गावात त्यांचं किराणा दुकान. काका गल्ल्यावर बसायचे, पण दुकान चालायचं काकूच्या तोंडावर. मागच्या आठवड्यात ती हार्ट अटॅकने गेली.

मी डिग्रीला होते तेव्हाची गोष्ट.

आधी ताप आला, डोकं दुखायला लागलं. मग झोप उडाली. मग म्हणे मी आईला ओळखेना. भिंतीकडे बघून शिव्या द्यायचे. हातपाय ताठ व्हायचे, तोंड आपोआप वेडंवाकडं हलायचं.

"म्हणे" लिहितेय, कारण मला यातलं काहीच आठवत नाही.

आम्ही राहायचो त्या मावला गावातले मराठी शेजारी म्हणाले, भानामती. तेलुगू शेजारी म्हणाले, चेतबडी. दोन भाषांत निदान एकच.

बाबा शिकलेले, नोकरीवाले. पण घाबरलेला माणूस कोणाचंही ऐकतो. त्यांनी जीप ठरवली, मांत्रिकाकडे न्यायला.

मला जीपमध्ये बसवत होते तेवढ्यात, माझ्या आजाराचं कळल्यामुळे निघालेली काकू बसमधून उतरून आली.

थोरल्या दिरासमोर वर मान करून बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. लग्न झाल्यापासून तिने पाळलेली.

त्या दिवशी ती जीपसमोर उभी राहिली. "भाऊजी, काऊन नेऊन राह्यले तिले तिकडं?"

"तुले काय समजते? बाजूला हो."

"पोरीले ताप आल्ता न? मंग डॉक्टरकडं न्या. नाईतर माह्या अंगावरून गाडी न्या."

आणि रस्त्यातच मांडी घालून बसली.

गल्ली जमा झाली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी प्यायला निघून गेला. शेवटी बाबा म्हणाले, "बरं. दवाखान्यात."

दवाखान्यात आधी सगळ्यांना वाटलं, मनाचा आजार. कॉलेजची मुलगी, परीक्षेचं टेन्शन असेल. काकू मोडक्यातोडक्या हिंदीत डॉक्टरच्या मागे लागली, "साब, पहले बुखार आया. पागलपन बाद में. उल्टा नक्को लिखो."

तो डॉक्टर भला माणूस. त्याने खुर्ची दिली, सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. माझ्या तोंडाच्या हालचाली नीट बघितल्या आणि म्हणाला, ताबडतोब हैदराबादला न्या.

तिथे पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. रिपोर्ट आला. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची एक प्रकारची सूज.

नंतर मी याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. साधं सांगते.

मेंदूतली एक पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, शेजारची पेशी ते आपल्या अंगावरच्या रिसेप्टरने टिपते. पुन्हा पुन्हा असं झालं की दोघींमधला दुवा पक्का होतो. आपण काही शिकतो, लक्षात ठेवतो, ते याच्या जोरावर. एनएमडीए हा त्यातलाच एक रिसेप्टर.

माझ्या अंडाशयावर एक गाठ होती. तिच्याशी लढायला शरीराने अँटिबॉडी बनवल्या आणि त्या जाऊन चिकटल्या मेंदूतल्या या रिसेप्टरना. पेशींनी ते रिसेप्टर आत ओढून घेतले, मग दुवे पक्के होणंच थांबलं.

म्हणून ते दिवस मला आठवत नाहीत. मी ते विसरले नाही. त्यांची आठवण तयारच झाली नाही.

गाठ काढायची म्हटल्यावर नातेवाईकांचे फोन सुरू झाले. अंडाशयाचं ऑपरेशन, मग पोरीशी लग्न कोण करणार?

काकूने आईच्या हातातून फोन घेतला. "आदी तिले जगू द्या. लग्नाचं मंग पाहू."

ऑपरेशन झालं. स्टेरॉइड, सलाईन, महिनोन्‌महिने औषधं. घरी आले तेव्हा माझी वाक्यं अर्ध्यावर तुटायची. सकाळचं दुपारी आठवायचं नाही.

काकू दुकान काकांवर टाकून आमच्याकडे राहिली. रोज विचारायची, "काल कोनती भाजी केल्ती?"

मी भलतीच भाजी सांगायचे.

ती न चिडता सांगायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

एक दिवस मी म्हणाले, "वांगं. खारट झालं होतं."

ती उठली, मागच्या अंगणात गेली. आई सांगते, ती तिथे पदरात तोंड घालून रडत होती.

पुढे मी डिग्री पूर्ण केली, नोकरीला लागले. स्थळं यायला लागली. सगळे म्हणाले, आजाराचं बोलू नका. काकूने पहिल्याच पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं. ते चहा न घेता उठले.

"बरं झालं, चहा वाचला," काकू म्हणाली.

आता कालचं.

मी त्या बाईसमोर जाऊन बसले. म्हटलं, "हो मावशी, मीच ती. विचारा काय विचारायचं ते." ती खाली बघायला लागली. मी तरी सांगितलं. ताप, गाठ, अँटिबॉडी, सगळं. मांडवातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाबा शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जीप मीच आणली होती. ती चूक होती."

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. घरातलं कोणी अचानक असंबद्ध बोलायला लागलं, ताठ व्हायला लागलं, तर आधी मेंदूचा डॉक्टर. लोक काय म्हणतात ते म्हणू द्या. वेळ घालवू नका.

काकू, तू जा आता निवांत. इथलं मी बोलते.

तुला मनापासून नमस्कार.