वेचणीच्या दुसऱ्या दिवशी

माझ्यात धीर नावाची गोष्टच नव्हती, आणि कॅप्टन नेमकं मलाच केलेलं. टी.वाय.चं वर्ष, नोव्हेंबर सरत आलेला, रविवारी धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची फायनल. आधीची दोन्ही वर्षं आम्ही धुळेकरांकडूनच हरलो होतो. यंदा नाही तर माझ्यासाठी कधीच नाही. जेवतानासुद्धा माझा पाय हलत असायचा.

आणि आमचा सर्वांत उंच गडी चार दिवस गायब! धरणगावजवळच्या खेड्यातला होता तो. कापूस फुटला की घरी वेचणीला जायचा. शनिवारी पहिल्या एसटीने आम्ही चौघं जळगावहून थेट त्याच्या वावरात धडकलो. त्याच्या वडिलांना, आबांना, मी हात जोडले.

"कापूस बठ्ठा वावरमा शे," पांढरं पडलेलं सगळं वावर दाखवत आबा म्हणाले. "मजूर भेटतस नही. पोऱ्या गया ते कोण येची?"

"आम्ही वेचतो. आजच्या आज संपवतो."

आबा हसले. "कधी येचेल शे का?"

आम्ही चौघंही शहरातले, कुठला वेचायला! पण वाद घालायला मला वेळ नव्हता. कमरेला झोळ्या बांधल्या आणि सुटलो. मी सगळ्यांच्या पुढे. "हळू येचा, बोटे फाटतीन," आबा मागून सांगत होते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. सोडवून घ्यायचा कापूस मी ओरबाडत होतो. दिवस मावळता वावर संपलं. मग आबांनीही मुलाला आमच्याबरोबर धाडलं. एसटीत जागा असूनही मी उभाच होतो.

रविवारी सकाळी बोटं टम्म सुजली होती. खरखरीत चेंडू हातात आला की डोळ्यांत पाणी यायचं. आमचा उंच गडी मात्र झपाटल्यासारखा खेळत होता. त्याच्या हातून दोनदा चेंडू सुटला, तेव्हा मी सगळ्या धुळ्यासमोर त्याच्यावर खेकसलो. शेवटचे सहा सेकंद उरले असताना आम्ही एका गुणाने मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. अडवायला कोणी नाही, समोर नुसती रिंग. पहिला चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

परतीच्या एसटीत मी ज्याला त्याला बोटं दाखवत होतो. या बोटांनी कोण काय टाकणार? शेजारी बसलेल्या त्या उंच मुलाने ती नीट पाहिली.

"व्हस असं, भाऊ. मनं ते दर साल व्हस."

त्याने आपले हात उघडले. बोटांच्या टोकांना जुन्या, काळ्या पडलेल्या भेगा होत्या, त्यांवर कालच्या ताज्या. "मना हातमाईन चेंडू सुटस ना, तो यामुयेच."

गेल्या दोन्ही फायनली वेचणीच्याच दिवसांत झाल्या होत्या. दोन्ही वेळा हरल्याचं खापर मी त्याच्याच डोक्यावर फोडलं होतं, एकदा तर महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. तुझ्या हातांना काय झालंय, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची होती, शब्द ओठांवर आलेही. त्याऐवजी खिडकीची काच लागत नाही म्हणून मी तरातरा उठून कंडक्टरशी भांडायला गेलो. चांगला कडकडून भांडलो. परत जागेवर आलो तेव्हा एरंडोल मागे पडलं होतं, आणि धरणगावची गाडी धरायला तो तिथेच उतरून गेला होता.