वाणाच्या वाट्या आणि दीर्घ शी

संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकच्या गाळण्या द्यायच्या नाहीत, हे सुशीलावहिनींनी आधीच सांगून टाकलं होतं. लग्नानंतरचं त्यांचं हे पहिलंच हळदीकुंकू. सगळ्या आळीला बोलावणं गेलेलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, त्याही वर्ध्याच्या बाजारातल्या, आणि प्रत्येक वाटीवर नाव. दादा कापसाची बैलबंडी घेऊन हिंगणघाटच्या बाजारात अडकलेला, म्हणून वहिनींना वर्ध्याला नेऊन आणायचं काम धाकट्या दिराकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

नावाचा मामला नाजूक होता. लग्नाच्या पत्रिकेत वहिनींचं नाव ‘सुशिला’ असं छापून आलं होतं आणि पत्रिकेवरून ते आहेराच्या भांड्यांवरही उतरलं. वहिनी कोणाला काही बोलल्या नाहीत. पण पाणी पिताना त्यांचा अंगठा तांब्यावरच्या त्या अक्षरावर जातो, हे मी पाहिलं आहे. माझी शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घाची काळजी काही सुटली नाही. या खेपेला शी दीर्घच आली पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं.

आमच्या वडनेरहून वर्ध्याला जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी आणि खिडकी सोडून बसावं. या दिवसांत रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग असते, एस.टी. तिच्यामागे रेंगाळते आणि कापूस उडून केसांना चिकटतो. मी खिडकीशी बसलो होतो. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, “डोक्याले रुमाल बांध न बापू, म्हातारा दिसून राह्यला.” वहिनी पदराआड हसल्या. हिंगणघाटला गाडी बदलावी लागते. तिथे स्टँडबाहेर गरम आलूबोंडा मिळतो, सोबत तळलेली मिरची. दोन खाल्ले की दुपारपर्यंत पोटाची चिंता नाही आणि खिशालाही झळ नाही.

वर्ध्याच्या बाजारात बायकांच्या वस्तूंच्या दुकानासमोर किती वेळ जाईल याचा अंदाज पुरुषांनी करू नये. आता चिकटवायच्या टिकल्यांची फॅशन आली आहे, पाकिटावर पाकिटं लटकलेली असतात. वहिनींनी दोन क्लिपा अंबाड्याजवळ धरून मला विचारलं, “कोणती?”

“लाल.”

“लाल नाई भाऊजी, ही मरून आहे.”

“मग मरून.”

“मरून साडीच नाई मह्याजवळ.” आणि त्यांनी तिसरीच घेतली, काळी.

भांड्यांच्या दुकानात मात्र मी पुढे झालो. वाट्या जाड आहेत ना, बूड डगमगत नाही ना, एकेक जमिनीवर ठेवून पाहिली. शेठ म्हणाले, “वाटी घेऊन राह्यले का जावई पाहून राह्यले?” दुकानाच्या पायरीवर नाव टाकणारा मशीन घेऊन बसला होता. त्याची सुई स्टीलवर अशी घरघरते की दात शिवशिवतात. मी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: सौ. सुशीला. तेवढ्यानं मन भरेना. म्हणून शेजारीच लिहिलं: शी दीर्घ. तो म्हणाला, “उद्या सकाळी घेऊन जाजो. अक्षरावर पैसे आहेत बरं.” कागदाकडे पाहून त्यानं आकडा सांगितला, तो मला जरा चढा वाटला. वर्ध्याचा भाव असेल, म्हणून मान्य केला.

मुक्काम सेवाग्रामला, वहिनींच्या माहेरी. त्यांचे वडील दवाखान्यात नोकरीला, राहायला लहानसं क्वार्टर. पण स्वयंपाकघर असं की पाहत राहावं. फळीवर डबे उंचीप्रमाणे लावलेले, आणि फळीच्या कडेला जुन्या वर्तमानपत्राची कातरलेली झालर. संध्याकाळी शेजारीपाजारी न बोलावताच चहाला आले. चुरमुऱ्यांचा चिवडा, पेरूच्या फोडी, कोणाच्याही कपाला कोणाचीही बशी. कोणाची कसली धावपळ नाही. वहिनींच्या आईनं मला झालर कापायला शिकवली: कागदाची घडीवर घडी घालायची, टोकाला अर्धगोल कापायचा, मधे छोटा त्रिकोण, आणि उलगडायचं. एका पैशाचा खर्च नाही. वाचकांनी जरूर करून पाहावी.

सकाळी दुकानात पोचलो तर गठ्ठा सुतळीनं बांधून तयार. हिंगणघाटच्या गाडीची वेळ होत आलेली.

“एक दाखवा,” मी म्हणालो.

शेठनी सुतळी सैल करून वरची वाटी उचलली. अर्धी अक्षरं त्यांच्या अंगठ्याखाली झाकलेली. मी फक्त वेलांटी पाहिली. दीर्घ! माझा जीव भांड्यात पडला.

एवढं करून हिंगणघाटची थेट गाडी चुकलीच. म्हणून जाम गावावरून निघालो. वाकडा रस्ता आहे, पण जामच्या चौकात नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्या मिळतात आणि ट्रकवाल्यांसाठी उकळणारा चहा दिवसभर असतो. चहा येईपर्यंत वहिनींनी हौसेनं एक वाटी काढली, पदरानं पुसली, आणि थांबल्या.

“भाऊजी, हे काय?”

वाटीवर लिहिलं होतं: सौ. सुशीला शी दीर्घ.

दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांवर तेच. अक्षर मात्र मोत्यासारखं.

चहावाल्यानं मान वाकडी करून वाचलं. “शीदीर्घ? हैदराबादकडचं आडनाव आहे का बाई?”

वहिनींचे डोळे भरून आले. “पह्यल्यांदाच सारी आळी घरी येऊन राह्यली. बायका मले वर्षभर हसतीन.”

मी म्हणालो, परत वर्ध्याला जातो. पण हळदीकुंकू दुसऱ्याच दिवशी होतं. म्हणालो, घासून काढतो. तर म्हणाल्या, चरे पडतील. शेवटी मी म्हणालो, “दीर्घ म्हणजे दीर्घायुषी, असं सांगू.”

“आणि शी म्हणजे?”

मी गठ्ठा पुन्हा सुतळीनं बांधला आणि येणाऱ्या गाडीला हात केला.

घरी आईनं वाटी उजेडात फिरवली. “चकचकीत आहे न? मंग झालं.” आईला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी फळीला झालर लावली, डबे उंचीनं मांडले आणि बायका यायला लागल्या तसा ओसरीत जाऊन बसलो. आतून बांगड्यांचे आवाज येत होते. मग शेजारच्या बेबीकाकूंचा आवाज आला. त्या अक्षर अक्षर लावून वाचतात.

“सौ... सुशीला... शी... दीर... घ. अव, दिराचं नाव काऊन टाकलं व वाटीवर? नवऱ्याचं टाकतेत न!”

असा हशा उसळला की माझे कान गरम झाले. वहिनी आता दीर्घायुषी म्हणतील, याची मी वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, “दिराचंच काम आहे काकू. पत्रिकेत माही शी ऱ्हस्व छापली होती. मले लय वाईट वाटलं होतं, पण बोलली नाई. भाऊजीनं ध्यानात ठेवलं. शी दीर्घ काढजो म्हणून चिठ्ठीत लिहून देल्लं, तर मशीनवाल्यानं थेई वाटीवर काढलं!”

पुन्हा हशा. या वेळी त्यात वहिनींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“मंग मह्या राशनकार्डावर बेबीचं बोबी केलं आहे, थ्याचं काय?” काकू ओरडल्या. “बाबू, भाईर काऊन लपून बसला? अंदर ये. मलेबी लिहून दे, बे-बी!”

हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? पण जावं लागलं. वहिनींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वाटीही दिली.

आमच्याकडून वर्ध्याला जायचं असेल तर जरूर जा. आलूबोंडा खा, झालर शिकून या. भांड्यांवर नाव टाकायला देताना मात्र कागदावर फक्त नाव लिहा, आणि घेताना अख्खी वाटी पाहा, नुसती वेलांटी नको.

आता गावात कोणाच्याही घरी गेलो की गूळ-शेंगदाणे त्याच वाटीत पुढे येतात. घराघरांत तिला दीर्घ वाटी म्हणतात. आमच्या फळीवर तांब्या मागे गेला आहे आणि ती वाटी पुढे आली आहे. परवा वहिनी तिच्यातून ताक पीत होत्या. अंगठा सवयीनं नावावर गेला, शीवर थांबला, मग हळूच पुढे सरकत दीर्घपर्यंत पोचला, आणि त्यांना ताक पिता पिता हसू फुटून ठसका लागला.