कातळ्यांची सोयरीक

मंचरला एसटीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत अख्खी मानवजात होती, फक्त तिच्या आईबापांचं लग्न व्हायचं बाकी होतं.

नव्वदीच्या अखेरचे दिवस. मी मुलांसाठी एका अद्भुत जगाचं पुराण लिहीत होतो. तिथले आद्य रहिवासी दोन: डोंगर चावून खाणारे कातळे आणि धुकं पांघरून हिंडणारे धुकाळे. दोघेही एकाच उंबरातून जन्मले आणि युगानुयुगं भांडले. शेवटी कातळ्यांचा राजपुत्र धुकाळ्यांची राजकन्या वरणार आणि त्यांच्या पोटी माणूस जन्मणार. हे लग्नाचं प्रकरण काही केल्या जमेना आणि प्रकाशकांनी पिच्छा पुरवला होता. म्हणून मी महाळुंगे पडवळला दत्ताकडे, माझ्या जुन्या मित्राकडे, चार दिवस लिहायला निघालो होतो.

दत्ताच्या आईने, काकूंनी, पहिल्याच दिवशी मासवडी केली (नावावर जाऊ नका, बेसनाची, आत तीळखोबऱ्याचं सारण). शेजारचे तात्याही पंगतीला होते. काय लिहिता, असं त्यांनी विचारलं, म्हणून मी रंगवून सगळं सांगितलं.

"त्यांचं देवक कंचं?" तात्यांनी विचारलं. (देवक म्हणजे कुळाने पूजलेलं झाड वगैरे.)

"उंबरातनं निघालं म्हंजी उंबरच की," काकू म्हणाल्या.

"दोघांचंबी?" तात्यांचा घास थांबला. "मंग लगीन कसं व्हईल, पावणं? एक देवक म्हंजी भाऊबहीण!"

"तात्या, ते काल्पनिक आहेत."

"म्हनून काय कायबी करायचं?"

लग्न झालं नाही तर माणूसच जन्मणार नाही, असं मी कळवळून सांगितलं. "नाय तर नाय," म्हणत तात्यांनी आणखी रस्सा घेतला. मला खरंच राग आला.

तोड काकूंनी काढली. "धुकाळ्यांचा उंबर काढून टाका. माझं म्हायेर मढ, तिकडं धुकं लई. धुकाळं तिकडचंच करा. पण परस्पर ठरवू नगा, पोरीकडच्यांना इचारा."

आणि मी, दोन बुकं शिकलेला माणूस, दुसऱ्या दिवशी दत्ताला घेऊन मागणी घालायला निघालो!

जुन्नरहून मढची जीप इतकी भरलेली, की मला टोमॅटोच्या क्रेटवर जागा मिळाली. पश्चिमेला जावं तशी भातखाचरं लागली, मग पुढ्यात सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या कपाळावर धुकं. धुकाळे शोभतील असाच मुलूख. मी उभा राहून पाहिलं, एक खड्डा आला आणि मी टोमॅटोंत खोल बसलो.

मढला दत्ताच्या मामींनी माझ्या विजारीकडे पाहून आधी पाट दिला, मग पाणी. मामा आणि मामी समोर बसले आणि मी माणसाच्या जन्मापर्यंतचं सगळं पुराण सांगून मागणी घातली.

"पोरगा काय करतो?" मामी.

"डोंगर खातो."

"म्हंजी कामधंदा न्हाई."

"राजपुत्र आहे हो."

"आईला समदेच राजपुत्र असत्यात. हितला डोंगर खाल्ला, तर आमी ऱ्हायचं कुठं?" त्यांनी पदर सावरला. "आन् पोरीचं नाव काय?"

मी दत्ताकडे पाहिलं. नाव ठेवलंच नव्हतं. पुराणभर ती नुसती राजकन्या होती.

"साऱ्या माणसांची आई, आन् बिननावाची?" मामींचा आवाज चढला. "तिला पोरगा पसंत हाय का, ते तरी इचारलं का कुनी?"

मामांनी त्यांना हाताने थांबवलं, आम्हाला आग्रहाने भात वाढला आणि गाडीपर्यंत सोडायला आले. निरोप घेताना म्हणाले, "घरात इचारून कळवतो."

परतीच्या गाडीत मी हसत होतो आणि आतून भरूनही येत होतं. आजवर माझ्या कातळ्यांना लोकांनी छान म्हटलं होतं. त्यांच्या घरात मुलगी द्यावी का, याचा विचार कोणी केला नव्हता. खिडकीशी बसून मी मुलीसाठी नावं जुळवत राहिलो. एकही तिला आवडेल असं वाटेना.

पुण्यात घरी पोचताच प्रकाशकांचा फोन आला. "काय, जन्मला का माणूस?"

"मुलीकडचे कळवतो म्हणालेत."

प्रकाशकांनी तीन मुलींची लग्नं केली होती.

"अरेरे," ते म्हणाले. "म्हणजे नकार."