कुट्टूची भाकरी आणि आत्याचा सोमवार

स्वारगेटला वेल्ह्याची एसटी पकडणं तोरणा जिंकण्यापेक्षा कठीण आहे. तोरण्यावर निदान माझ्या पायावर कुणी बोचकं ठेवत नाही. माझ्या मांडीवर कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाची पिशवी होती. पुण्यातल्या आमच्या दिल्लीवाल्या शेजारीणबाई उपासाला ह्याच्याच पुऱ्या करतात. पिशवी चालली होती विंझरला, ताराआत्याकडे.

आत्याला साखर (मधुमेह). सोमवारी ती नुसत्या चहावर राहायची. गेल्या सोमवारी गोळी घेतली आणि बांधावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी दम भरला, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. साबुदाणा खावा तर साखर राजगडावर. उपास सोडायचा तर आत्या डॉक्टरच सोडायला निघालेली. आणि आज पुन्हा सोमवार होता.

नसरापूरच्या अलीकडे एका खड्ड्यात एसटी अशी उडाली की मला वरून भाटघरचं धरण दिसलं. पिशवी फुटली. कंडक्टरच्या खाकी पँटीवर राखाडी थर बसला.

"काय पाव्हणं, सिमेंट न्हेताय व्हय?"

"पीठ आहे. उपासाचं."

"मग घर बांधा ह्याचं, लई टिकंल," म्हणत त्यानेच कुठूनशी सुतळी काढून पिशवी बांधून दिली.

डाव्या हाताला राजगड ढगात डोकं खुपसून बसला होता. विंझरला उतरून भातखाचरांच्या कडेने घसरत, आत्याच्या पडवीत पोचलो तेव्हा माझ्या अंगावर निम्मा तालुका चिकटला होता. आत्या सुपात काही निवडत होती, तिची सून सुनंदा चुलीपाशी.

मी पिशवी सोडली. "आत्या, हे धान्य नाहीच. चुक्याच्या कुळातल्या झाडाचं बी आहे."

"चुका कुठं चालतो उपासाला?"

"राजगिरा चालतो ना? तोही भाजीचंच बी."

आत्याने सूप बाजूला ठेवलं, तशी मी आवाज चढवला. ह्यात रुटीन नावाचं द्रव्य असतं, ते रक्ताच्या नळ्यांना चांगलं म्हणतात. चोथा असतो, म्हणून साखर सावकाश चढते. इथवर ठीक होतं. मग मी रंगात आलो आणि हे खाणाऱ्या हिमालयातल्या नव्वदीच्या म्हाताऱ्याला म्हैस खांद्यावर देऊन घाट चढवला.

"तुजा बाप बी अशाच थापा हाणायचा," आत्या म्हणाली. "म्हस खाली ठिव. बाकीचं खरं का?"

"बाकीचं खरं."

आत्या उठली. आधणाच्या पाण्यात पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं. शेंगदाण्याच्या चटणीशी पहिला घास घेतला. सोमवारी तिला जेवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सुनंदाने मला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी परातीकडे खुणावलं. शेजारी तांदळाच्या पिठाचा डबा उघडा होता. पीठ चिकट लागलं, तशी आत्याच्या हाताने सवयीने त्यातली चिमूट घेऊन भाकरीखाली लावली होती.

आम्ही दोघं गप्प. मी गप्प बसलो, ह्यावर पुण्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

अर्धी भाकरी झाली आणि आत्याची नजर डब्यावर गेली. हात थांबला. आता भाकरी, मी आणि रुटीन, तिघेही खाचरात पडणार, असं मी धरून चाललो.

"आत्या, राहू दे का?" मी विचारलं.

"हातातला घास खाली ठेवत न्हाईत." तिने शांतपणे उरलेली भाकरी संपवली, ताट पुसून घेतलं. "मोडला आजचा उपास. पर चक्कर न्हाई आली." मग सुनंदाकडे वळून, "पुढल्या सोमवारी त्यो डबा आदी माळ्यावर टाक गं. लावाया बी हेच पीठ घिऊ."

परतीच्या एसटीत कंडक्टर तोच. "झालं का घर बांधून?"

"चालू आहे. दर सोमवारी काम."

पुण्यात मला सगळं दुप्पट करून सांगायची सवय. एसटी किती उडाली, चिखल कुठवर आला, म्हैस केवढी होती. पण आत्याने सोमवारी खाल्लेली भाकरी मात्र मी एकच सांगतो. ती एक पुरेशी होती.