प्रॉम्प्टरची दोन कुत्री

नाटकात टाळ्या राणीला पडतात. राणी मी होते, म्हणून हे मला पक्कं ठाऊक. आमच्या बेटावरच्या रोझ हिल गावातल्या मराठी नाटक मंडळीत मी कितीतरी वर्षं मुकुट घालून मिरवले, आणि त्या सगळ्या वर्षांत विंगेत, पडद्याच्या घडीआड, एका बुटक्या स्टुलावर परशुरामभाऊ बसलेले असत. हातात संहिता, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. ते आमचे प्रॉम्प्टर. माझं वाक्य अडलं की त्यांचा आवाज यायचा, हळू आणि सपाट, शेजारी बसून कुणी तांदूळ निवडता निवडता बोलावं तसा. प्रेक्षकांपर्यंत तो कधी पोचला नाही. आमच्यापैकी कुणी त्या आवाजाशिवाय उभंही राहू शकलं नसतं.

दिवसा भाऊ सरकारी कचेरीत कारकून होते. घरी पत्नी, कुंतीवहिनी. एकुलती मुलगी विमला लग्न होऊन मोका गावी गेली आणि घर एकदम शांत झालं. ती शांतता वहिनींना सोसेना. त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत शेजारच्या कुत्रीने यांच्या व्हरांड्याखाली पिल्लं घातली. वहिनींनी त्यांतली दोन ठेवून घेतली, एक भाऊ, एक बहीण. आरतीच्या गलक्यात डोळे उघडले म्हणून नावं ठेवली ढोलक आणि झांज. नावांना दोघंही जागली.

वहिनींच्या घरची जमीन सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होती. लाल सिमेंटची, दर शनिवारी मेण लावून नारळाच्या सोडणाच्या ब्रशने घासलेली. त्या ब्रशवर पाय ठेवून वहिनी अशा डुलत घासायच्या की मी म्हणायची, तुम्हाला आमच्या नाचात घ्यायला हवं. त्या जमिनीत तोंड दिसायचं. १९७८च्या जून महिन्यात एका सकाळी पोस्टमनने फाटक वाजवलं. स्वयंपाकघरातून दोन्ही कुत्री सुटली, लाल जमिनीवर घसरली आणि घसरत घसरत वहिनींच्या पायांवर जाऊन आदळली. वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळातल्या खाटेशीच विमलाने निकाल सांगितला. आई बरी झाली की मोक्याला आपल्या घरी येईल. कुत्री पेती राफ्रे गावी हरिलालमामांकडे जातील. ते उसाच्या कडेला साखळीने बांधून ठेवतील, राखणीला बरी. पापा दिवसभर कचेरीत, आईजवळ ही दोन वादळं, पुन्हा पडली तर कोण जबाबदार? हे सगळं ती क्रेओलमध्ये, आमच्या बेटाच्या बोलीत, बोलली. लहानपणी देवळातल्या संध्याकाळच्या वर्गात ती मराठी शिकली होती, अक्षरं यायची, पण मोठेपणी आई मराठीत विचारायची आणि ती क्रेओलमध्ये उत्तर द्यायची.

 वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझ्या घरात माझी दोन्ही पोरं नसतील, तर मला मोका काय नि पेती राफ्रे काय."

भाऊंनी मुलीकडे मुदत मागितली. आई घरी येईल त्या दिवशी, ती दारातून आत येताना, दोन्ही कुत्री एका खोलीत निजून राहिली, तर आई आणि कुत्री इथेच राहतील. नाही राहिली, तर तू म्हणशील तसं. विमला वडिलांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ठीक आहे. तिला खात्री होती, असं होणारच नाही.

खरं सांगायचं तर मलाही होती. त्या आठवड्यात मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर भाऊ खोलीच्या मध्यभागी उभे राहून ओरडत होते, "रेस त्रांकिल! रेस त्रांकिल!" गप्प राहा म्हणून आमच्या बेटावर मुलांना आणि कुत्र्यांना हेच ओरडतात. ढोलक सोफ्यावर, झांज ढोलकच्या कानाला लटकलेली. भाऊ जितके मोठ्याने ओरडत तितकी ती दोघं आनंदाने उड्या मारत. त्यांना वाटत असावं, आज म्हाताराही आपल्याबरोबर भुंकतोय.

मग एका संध्याकाळी भाऊ हरले. त्या वर्षी आमचं नाटक एका राणीचं होतं, सरकारी नाट्यमहोत्सव जवळ आला होता आणि इस्पितळाच्या फेऱ्यांत त्यांच्या तालमी बुडत होत्या. कुत्र्यांना लांब फिरवून आणून ते थकून स्टुलावर बसले, संहिता उघडली आणि नेहमीच्या आवाजात पुटपुटू लागले. "प्रधानजी, नगराचे दरवाजे उघडा. आज कुणालाही अडवू नका." थोड्या वेळाने बघतात तर ढोलक पाय पसरून पडलेला, आणि झांज त्याच्याकडे बघत बघत बसलेली. भाऊंनी वाचन न थांबवता हात खाली नेला आणि ढोलकच्या पुढे पावाचा तुकडा ठेवला. शाबास नाही, थोपटणं नाही. झांजही आडवी झाली. तिलाही तुकडा.

पुढे त्यांनी हे जाणूनबुजून केलं. जमिनीला मेण लावणं बंद केलं. दोघांना एकेक गोणपाट दिलं. आधी एकालाच खोलीत घेत आणि दुसऱ्याला अंगणात ठेवत, कारण एकत्र असली की दोघांना एकमेकांशिवाय काही सुचत नसे. मग दोघं खोलीच्या दोन टोकांना. मग गोणपाटं रोज वीतभर जवळ. उठलं कुणी तर रागावणं नाही, नुसतं वाचन थांबायचं आणि पाव थांबायचा. निजलं की संहिता पुन्हा सुरू. शेवटी मला फाटक वाजवायला लावलं, काठी टेकत खोलीतून चालायला लावलं. मी लंगडण्यात जरा जास्तच जीव ओतला, तर भाऊ म्हणाले, "चंद्राबाई, साधं चाला. हे महोत्सवाला जाणार नाही."

वहिनींच्या येण्याचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी भाऊंचा आवाज गेला. रोझ हिलचा ऑगस्टमधला, ऐन हिवाळ्यातला गारठा, त्यात पहाटे झिमझिम पावसात कुत्र्यांना फिरवणं. घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा येई. मी म्हटलं, काळजी कशाला, मी आहे ना, सगळं नाटक मला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी मी गोणपाटांवर कुत्री बसवली, स्टुलावर बसले, आणि आयुष्यभराच्या सवयीने छाती भरून म्हणाले, "प्रधानजी! नगराचे दरवाजे उघडा!"

ढोलकने दरवाज्याकडे झेप घेतली. झांजने माझ्या पदराकडे. आणि त्याच वेळी फाटकाशी मोटार थांबली.

विमला पुढे आली, बघायला. तिने दाराशी उड्या मारणारा ढोलक पाहिला, माझा फाटका पदर पाहिला, बापाचा चेहरा पाहिला.  तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मात्र नव्हता. बाहेर जावई देवराज वहिनींना धरून उभा होता.

भाऊंनी संहिता तिच्यापुढे धरली. एका ओळीखाली बोट ठेवलं.

"मला नाय येत, पापा," ती हळूच म्हणाली, आणि ते मराठीत म्हणाली. माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्यासमोर अडखळायची तिला लाज वाटत होती, हे मला कळलं. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराआड गेले. रंगमंचावरून केव्हा जावं, एवढं तरी मला समजत होतं.

ती स्टुलावर बसली. अक्षर अक्षर लावत वाचू लागली. चढ नाही, उतार नाही, चुकायच्या भीतीने आवाज अगदी दबलेला. बापाचाच आवाज, फक्त बाईचा. झांज थबकली आणि आपल्या गोणपाटावर जाऊन बसली. ढोलक गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि धप्पकन पडला.

भाऊ दाराकडे गेले. वहिनी काठी टेकत उंबऱ्याशी आल्या. काठीचा आवाज होताच ढोलकने मान वर केली, विमलाची नजर त्याच्यावर गेली आणि ओळ हरवली. "नगराचे दरवाजे उघडा," एवढ्यावर ती अडली. ढोलकचे मागचे पाय गोळा झाले. भाऊंनी तोंड उघडलं, नुसती हवा.

तेव्हा उंबऱ्यातून वहिनी बोलल्या. पडण्याआधी नवऱ्याच्या तोंडून रोज स्वयंपाक करता करता ऐकलेलं, त्याच सपाट आवाजात, "आज कुणालाही अडवू नका."

"आज कुणालाही अडवू नका," विमला वाचत गेली.

ढोलकने मान खाली टाकली. वहिनी एकेक पाऊल टाकत दोन्ही गोणपाटांच्या मधून चालत गेल्या. शेपट्या जमिनीवर आपटत होत्या, बाकी काही हललं नाही. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "जमीन किती कळकट झालीय, अहो."

भाऊंनी हात उचलला. मग कुत्री उठली, सावकाश, आणि वहिनींच्या पावलांवर हनुवट्या ठेवून बसली. विमला अजून वाचतच होती. थांब म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.

मोक्याचा विषय पुन्हा निघाला नाही. विमला मात्र दर शनिवारी येऊ लागली. भाऊ कुत्र्यांना फिरवून आणत, ती वाचायला बसे, आणि चुकलं की खुर्चीतून आई सांगे. जमिनीला मेण पुन्हा कधी लागलं नाही.

काही वर्षांनी भाऊंची नजर अधू झाली. त्या वर्षीच्या महोत्सवात ऐन दरबारात मी वाक्य विसरले. सभागृह गच्च भरलेलं, पहिल्या रांगेत वहिनी आणि भाऊ. विंगेतून विमलाचा आवाज आला, हळू, सपाट. डोक्यावर मुकुट नसता, तर मीही तिथेच पाय पसरून आडवी झाले असते.